होडीसाठी मोजलेल्या चुली

सन १९९८. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. अंगात इतकी रग होती की बिथरलेल्या रेड्याची शिंगं धरून त्याला खाली बसवायचो. हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं ते त्या रगेनं झालं, दारूनं नाही. लोक अजून म्हणतात, तो पिऊन गेला होता. मी प्यालो नव्हतो. एक थेंबसुद्धा नाही.

आमचा पाडा मोखाड्याकडचा. धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी लहान होतो. ओहोळाकाठची भाताची खाचरं बुडाली आणि पाडा टेकडीवर राहिला. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला डोंगर. समोरचा पाडा आधी हाकेवर होता. चूल विझली तर तिथून निखारा आणावा इतका जवळ. पाणी आल्यावर हाक तेवढी पोचायची, पण चालत जायचं तर डोंगराला वळसा घालून पाच तास. एसटी तिकडं, रेशन तिकडं, दवाखान्याचा रस्ता तिकडं. आमच्या डोक्यावर आणखी एक बारा घरांचा पाडा, त्याला आम्ही वरचा पाडा म्हणतो. त्यांचीही तीच गत. माझी धाकटी बहीण समोरच्या पाड्यात दिलेली. आमच्या अंगणातून तिचं अंगण दिसायचं, पण तिच्या पोरांची नावं मला नीट पाठ नव्हती.

पाण्यातून जायला ट्रकच्या ट्यूबा होत्या. दोन ट्यूबा जवळ बांधायच्या, वर बांबू टाकायचे, त्यावर बसून फळकुटानं पाणी मारत जायचं. सत्त्याण्णवच्या पावसात माझी भावजय रेशनचे गहू घेऊन तशी येत होती. मधोमध ट्यूब फुटली. तिसऱ्या दिवशी ती सापडली, बुडलेल्या जांभळीच्या शेंड्यात अडकलेली. गव्हाचं गाठोडं पाठीला बांधलेलं होतं, ते सुटलं नव्हतं. गव्हाला मोड आले होते.

भाऊ रडला नाही. कोयता घेऊन खाली गेला आणि पाड्यात होत्या तेवढ्या सगळ्या ट्यूबा फाडल्या. मग पाड्यानं त्याला मारलं. पलीकडं जायला दुसरं काही नव्हतं म्हणून मारलं. मीही दोन ठेवून दिल्या. बायको जाळून चार दिवस झालेल्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून चिखलात लोळवला. त्याचे पुढचे दोन दात त्या दिवशी गेले. तो उठून बसला, दात थुंकले आणि म्हणाला, "आता होडी आणा."

अर्ज दिले. अर्ज देऊन होडी आली असती तर मी हे सांगत बसलो नसतो. होळीनंतर तिन्ही पाडे वाघोबा देवापाशी जमले आणि ठरलं की होडी आपली आपण घ्यायची.

पैसा कसा उभा करायचा, यावर फार बोलणं झालं नाही. आमच्यात गावदेवाचं काही करायचं असलं तर वर्गणी माणशी नसते, घरटीही नसते. ती चुलीमागे असते. एका छपराखाली दोन भाऊ वेगळं शिजवत असले तर त्यांचे दोन वाटे. एखादी म्हातारी तीन दगड मांडून आपलं आपण रांधत असली तर तिचाही एक. बापजाद्यांपासून असंच चालत आलेलं, आणि त्यात कधी कुणी कुणाला फसवलं नव्हतं. देवाच्या कोंबड्यासाठी चूल कोण लपवणार? होडीलाही तोच हिशोब लावला. चूक तिथं झाली. ती माझ्याच तोंडून झाली, कारण चुलीमागे घ्या असं आधी मी बोललो होतो.

आमच्या पाड्यात अठरा चुली, वरच्या पाड्यात बारा, समोर तीस. साठ चुली, चुलीमागे दोनशे, म्हणजे बारा हजार. मोजायचं आणि गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. मी शिकलो दुसरीपर्यंत, पण दाराच्या फळीवर कोळशानं रेघा मारून ठेवल्या आणि एक रेघ चुकली नाही. ज्याच्याकडं रोकड नव्हती त्याच्याकडून नागली घेतली, उडीद घेतले, मोहाची फुलं घेतली, कोंबड्या घेतल्या आणि मोखाड्याच्या बाजारात विकल्या. वरच्या पाड्यात एक विधवा होती, पावसात तिचं छप्पर गळायचं. तिनं विचारलं, "माझी पण चूल धरतोस का रं?" मी म्हणालो, तीन दगड मांडलेत ना, मग धरणार. दोन कोंबड्या आणि नागलीचं गाठोडं घेऊन उतरलो.

आमच्या दोन पाड्यांचे सहा हजार घेऊन मी आणि वरच्या पाड्याचा भगत, म्हाताराच होता, आम्ही समुद्राकडं गेलो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. होडी जुनी होती, पण जाड फळ्यांची. मी तिच्या बरगड्यांवर थापा मारल्या, खाली वाकून पाहिलं, किती वर्षांची, कुठं लागलीबिगलीय का, सगळं विचारलं. तो होडीवाला हसायला लागला. "बाबा, बैल घेताय का?" मी म्हणालो, बैल घेतला असता तर दात पाहिले असते. सहा हजार त्याच्या हातात दिले. उरलेले सहा हजार होडी काठाला उतरवली की द्यायचे, आणि होडी मृगाच्या आत यायला हवी. काठ समोरच्या पाड्याचा, कारण ट्रक तिथवरच येतो. आणि उरलेले सहा हजारही समोरच्या पाड्याचेच होते.

महिनाभरानं समोरून निरोप आला की सतरा चुलींचे पैसे जमलेत. बाकीच्या चुली नाहीत.

तीस होत्या, सतरा झाल्या. मला वाटलं निरोप्या चुकला. भावाला आणि आणखी एकाला घेतलं, कुणाकडून तरी आणलेल्या एका ट्यूबवर पहाटेच पलीकडं गेलो आणि पाड्याच्या वरच्या अंगाला बसून धूर मोजला. तीस धूर. मग खाली उतरून घरोघर गेलो. जिथं जावं तिथं एकच उत्तर, ही चूल पाणी तापवायची. एका दिवसात तेरा घरांत पाणी तापवायच्या चुली निघाल्या होत्या. माझ्या भावानं एकाला विचारलं, एवढं पाणी तापतं तर तुमच्या पाड्याला वास कसला येतो? तिथंच पहिली लाथाबुक्की झाली.

बहिणीच्या घरी शेवटी गेलो. माझा मेव्हणा आणि त्याचा थोरला भाऊ सहा वर्षं वेगळे होते. मध्ये कूड घातलेला, एकमेकांच्या पोरांशी बोलायचे नाहीत. त्या सकाळी दोघं एका ताटात आंबील खात बसलेले. हसू यायला हवं होतं, पण मला आलं नाही. मागं बहिणीची चूल पेटलेली, तिच्यावर तवा, तव्यात भाकर, शेजारी आंबिलीचं मडकं उकळत होतं.

"ती पाणी तापवायची हाय," मेव्हणा म्हणाला.

"पाण्याला तवा लागतो का, पाव्हणं?"

"आम्ही दोघं भाऊ एक झालो. आमच्यात गोडी झाली त्याचं तुला का वाईट वाटतं?"

मी म्हणालो, एक झालात तर ही चूल जादाची हाय, मोडून टाकतो. त्यांना वाटलं मी नुसता बोलतोय. बहीण चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "दादा, भाकर होऊ दे, मग काय ते बोल."

मी लाथ घातली.

आमच्यात चुलीला पाय लावत नाहीत. घर बसलं, माणूस संपला, तरी चूल हातानं उचलून झाडाखाली नेऊन ठेवतात. हे मला ठाऊक होतं. मी लाथ घातली तेव्हा मडकं फुटलं आणि उकळती आंबील बहिणीच्या डाव्या पायावर पडली. ती ओरडली नाही. तिनं पायाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. मेव्हण्याच्या थोरल्यानं लोखंडाची फुंकणी उचलून माझ्या कानामागं घातली, त्याची खूण अजून बोटाला लागते. मग सगळा पाडा आला. आम्हाला फरफटत काठाला नेलं, ट्यूब फाडली आणि तिघांना पाण्यात ढकललं. पोहून आलो. भावाच्या नाकातून रक्त वाहत होतं, तरी पोहताना तो मागं वळून त्यांना शिव्या देत होता.

मृगाला चार दिवस असताना ट्रक आला. आमच्या टेकडीवरून दिसला. होडी उतरवताना तिथली माणसं मुंग्यांसारखी लागली होती. नंतर कळलं की होडीवाल्यानं उरलेले सहा हजार मागितले, यांच्याकडं सतरा चुलींचे चौतीसशे. तो म्हणाला, पैसे नाहीत तर होडी परत नेतो. तेव्हा मेव्हण्यानं पेरणीच्या तोंडावर आपल्या जोडीतला एक बैल विकला आणि पैसे पुरे केले.

मग पलीकडून हाक आली. मेव्हण्याचीच. चूल मोडणाऱ्याच्या पाड्यानं होडीत पाय ठेवायचा नाही.

वरच्या पाड्याला बंदी नव्हती, पण ते आमच्या बाजूनं उभे राहिले. सहा हजार आमचेही गेलेले, आणि पाऊस दारात. आमच्यात एक बाई दिवस भरलेली, एकाला कावीळ झालेली. काही जण माझ्याकडं वाकड्या नजरेनं बघत होते, पण तोंडावर कुणी बोललं नाही. मी म्हणालो, आपली होडी आपण आणायची. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीसेक माणसं निघाली. लाकडाचे ओंडके, केळीचे बुंधे, रिकामे डबे, जे तरंगतं ते घेऊन. दांडकी होती, कोयते होते, एकाकडं कुऱ्हाड होती.

ते काठावर उभेच होते. पाण्यात असतानाच दगड यायला लागले. मोठे नव्हे, मुठीएवढे, नेम धरून मारलेले. वरच्या पाड्याच्या एकाच्या डोळ्यावर बसला आणि तो खाली गेला. त्याला केसांना धरून वर काढला. कंबरभर पाण्यात आलो तसं दांडक्यावर दांडकं वाजायला लागलं. ओरडा नव्हता फारसा. धापा, शिव्या आणि लाकडाचा आवाज. ज्यांनी एकमेकांच्या लग्नात तारपा वाजवला, एकमेकांच्या पोरी केल्या, ती माणसं गुडघ्यावर मारत होती, म्हणजे उठता येऊ नये. आमच्या एकानं होडीची कड धरली आणि वरून कोयता आला. दोन बोटं होडीत पडली, माणूस पाण्यात राहिला. त्यानं आधी बोटांकडं पाहिलं, मग हाताकडं, आणि तेव्हा किंचाळला.

मी होडीत चढलो. मेव्हणा आत उभा होता, हातात बांबू. वल्हं खाली पडलेलं, ते मी उचललं. तो म्हणाला, "उतर." एवढंच. मी वल्हं त्याच्या डोक्यात घातलं. आवाज नारळ फुटल्यासारखा आला. कपाळापासून कानापर्यंत कातडं उघडलं आणि तो बसला, पण बसता बसता त्यानं बांबू आडवा मारला, तो माझ्या उजव्या खांद्यावर आला. गळ्याजवळचं हाड मोडलं ते मला ऐकू आलं. तेवढ्यात ज्याच्याकडं कुऱ्हाड होती तो आमचाच माणूस होडीच्या फळीवर घाव घालायला लागला. त्याचं म्हणणं, आम्हाला नाही तर कुणालाच नाही. दोन घाव बसले. पाणी आत आलं.

तेव्हा बहीण आली. भाजलेल्या पायाला फडकं गुंडाळलेलं, लंगडत, दोन्ही बाजूंच्या दांडक्यांच्या मधून. तिला मारायला कुणाचा हात उठला नाही. ती होडीत चढली, फळीवर जिथं घाव पडले होते त्या भोकावर बसली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. पदर त्याच्या कपाळावर दाबून धरला. पदर लाल झाला तसा पिळला आणि परत दाबला. मारामारी आपोआप थांबली.

ती मान वर न करता बोलली, "दादा, तू सगळ्यांच्या चुली मोजल्यास. आईची मोजलीस का?"

हे सांगायला हवं. माझी आई वेगळी रांधायची. माझ्या बायकोनं माळ घातली, घरात मासळी बंद केली, आणि आईला सुकट सोडवेना. तीन वर्षं ती पडवीत आपली चूल मांडून होती. सकाळ-संध्याकाळ तिचा धूर निघायचा, माझ्या नाकाखाली. मी दारावर रेघा मारल्या तेव्हा माझ्या घरची एकच मारली. पैशासाठी नाही. दोनशे रुपये मला जड नव्हते. आई जिवंत असताना मुलाच्या घरात दोन चुली, हे पाड्यासमोर माझ्या तोंडून निघालं नसतं. विधवेच्या तीन दगडांवरून कोंबड्या उचलताना हे माझ्या मनात आलं नाही, असं म्हणणार नाही. आलं होतं.

वरच्या पाड्याचा भगत पाण्यात उभा होता, ओठ फुटलेला. तो म्हणाला, "होडी तिघांची हाय. सगळ्यांनी खरं मोजा, मग ती चालेल. पहिला तू सांग. तुझ्या घरात चुली किती?"

काठावर शंभरेक माणसं असतील. माझा पाडा माझ्या मागं होता. माझ्या खांद्याचं हाड कातडीखाली टोचत होतं.

"एक," मी म्हणालो.

बहीण हसली. आवाज न करता. समोरच्यांनीही तेरा चुली लपवलेल्याच होत्या. पण माझी माणसं एकेक करून वळली. ज्याची बोटं गेली होती त्याला दोघांनी उचललं. भावानं माझ्याकडं पाहिलं आणि आपला ओंडका पाण्यात लोटला. ते ओंडक्यांवरून परत गेले. मला एका हातानं पोहता येत नव्हतं आणि मला न्यायला कुणी थांबलं नाही. मी डोंगराला वळसा घालून चालत आलो. पाच तासांची वाट, मला आठ लागले. दोनदा उलटी झाली.

आई पडवीत बसली होती. तिला सगळं कळलं होतं. तिनं हळद आणि चुना लावला, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं हात गळ्यात बांधला. बांधताना मुद्दाम ओढून बांधला. मी ओरडलो तर म्हणाली, "तिचा पाय कुठपर्यंत भाजला?"

मी सांगितलं, घोट्यापर्यंत.

"मला वाटलं, तू माझी चूल विसरलास. म्हातारीची हाय, विसरला असंल, असं म्हणून गप बसले." ती गाठ मारत होती. "विसरला नव्हतास तर मग."

बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. आईनं आपल्या चुलीवर सुकट भाजली आणि मला भाकरीबरोबर दिली. तीन वर्षांनी खाल्ली. डाव्या हातानं.

हाडाच्या ठणक्यानं डोळा लागला नाही. मी पडल्या पडल्या त्यांच्या तेरा चुली परत परत मोजत होतो आणि दर वेळी त्या तेराच भरत होत्या. माझी एक आणि त्यांच्या तेरा, हे मला कुणीतरी कबूल करावं असं वाटत होतं. आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. कणगीतून दोनशेची होईल एवढी नागली आईकडून पोत्यात भरून घेतली, कारण मला भरता येत नव्हती. डाव्या खांद्यावर टाकली आणि काठाला उतरलो. आभाळ भरून आलं होतं. आमच्या पाड्यातले काही जण खाली होते, त्यांनी मला वाट दिली पण पोत्याला हात लावला नाही. पलीकडं होडी काठावर ओढून उलटी घातलेली, आणि डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस तिच्या भोकात काहीतरी ठोकत होता. मेव्हणाच असणार.

मी हाक मारली. त्यानं ठोकणं थांबवलं.

"एकोणीस," मी म्हणालो.

त्याला ऐकू गेलं नसावं. तो तसाच उभा राहिला. मी पोतं काठावर ठेवलं, गुडघाभर पाण्यात उतरलो आणि परत सांगितलं, "आमच्या एकोणीस."